किल्ली कोणाच्या हाती?

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देवळाचा इतिहास येतो, देणगीदारांची यादी येते, कळसारोहणाचा वृत्तांत येतो. देवळाच्या दाराचा आणि कुलपाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक दार नसते तर देऊळही उघड्यावरचे ठाणेच राहिले असते. यंदा आपल्याकडे या विषयावर बरीच चर्चा झाली. मुंबईकर मंडळींचे म्हणणे असे की, भांडारघराला आणि गाभाऱ्याला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवावे, कार्ड दाखविले की दार उघडावे, कोण केव्हा आत गेला याची नोंद आपोआप व्हावी. गावातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, किल्ली हा विश्वासाचा विषय आहे, यंत्राचा नव्हे. दोन्ही बाजूंनी तळमळ आहे हे उघड आहे. तेव्हा जगात इतरत्र जुन्या वास्तूंच्या आणि सरकारी इमारतींच्या दारांचे काय झाले, हे ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वी आपल्याकडे कुलपापेक्षा अडसर महत्त्वाचा होता. भिंतीत खोल भोक ठेवून त्यात सागाचा वासा सरकवीत. वाडा असो की गडाचा महादरवाजा, आतून अडसर पडला की बाहेरच्याने हत्ती आणला तरी विचार करावा. पण आतून लावलेला अडसर आतलाच माणूस काढू शकतो, आणि फितुरीची भीती नेहमी आतूनच असते. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय करावे, हा प्रश्न शिवछत्रपतींच्या राज्यात नीट ओळखलेला होता. सभासदाच्या बखरीत सांगितलेली गडाची व्यवस्था पाहावी. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे सारख्या दर्जाचे अधिकारी, आणि कारभार तिघांनी एकविचाराने करावयाचा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे असल्या तरी गड एकट्याच्या हाती नसे. सूर्यास्ताला दरवाजे बंद, सूर्योदयाला उघडावयाचे. रायगडच्या हिरकणीची कथा दंतकथा असेल, पण ती ज्या नियमावर उभी आहे तो नियम खरा होता. दूध घालायला आलेली गवळण असो की आणखी कोणी, दार मिटले की मिटले. वेळ, अधिकार आणि एकापेक्षा अधिक माणसांची संमती ही त्रिसूत्री येथे दिसते. आजची विजेवर चालणारी यंत्रे हेच तिन्ही नियम पाळतात, फक्त माणसांऐवजी तारा आणि चिपा वापरतात.

विलायतेत कुलपाच्या विद्येने एकोणिसाव्या शतकात मोठी उडी घेतली, आणि तिला कारण झाली एक सरकारी चोरी. १८१७ साली पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी दार उघडून चोरी झाली. तेव्हा सरकारने जाहीर केले की, स्वतःच्या किल्लीशिवाय कशानेही न उघडणारे कुलूप जो करील त्यास बक्षीस. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने असे कुलूप केले. त्याची खुबी अशी की, कोणी खोटी किल्ली किंवा हत्यार घालून पाहिले तर आतली एक पट्टी वर अडकून बसे. मग खरी किल्लीही लगेच चालत नसे. मालकाला ताबडतोब कळे की, आपल्या मागे कोणीतरी हात घातला होता. चोरी अडविणे ही एक गोष्ट, आणि प्रयत्न झाला होता हे धन्याला कळणे ही दुसरी. प्रस्तुत लेखकाच्या मते या दुसऱ्या गोष्टीपासूनच आजच्या ‘नोंद ठेवणाऱ्या’ कुलपाचा वंश सुरू होतो.

त्याच लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराचे १७८४ सालचे पेटंट घेतलेले कुलूप होते. त्याच्या दुकानाच्या खिडकीत ते मांडलेले असे आणि खाली पाटी असे की, जो हे उघडणारे हत्यार करील त्याला २०० गिनी रोख. कित्येक दशके ती पाटी तशीच राहिली. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या हॉब्स नावाच्या कुलूपवाल्याने पैज स्वीकारली. सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून त्याने ते कुलूप उघडले. इंग्लंडात खळबळ उडाली. न उघडणारे कुलूप अशी वस्तूच नसते, किती वेळात उघडते एवढाच प्रश्न असतो, हे त्या दिवशी लोकांच्या लक्षात आले. पुढे अमेरिकेत लायनस येल याने बारीक खिट्ट्यांचे कुलूप सुधारले. आपल्या दाराला आज जी चपटी दातेरी किल्ली लागते ती त्याचीच देणगी होय.

या इतिहासात आपल्या मुंबईचेही मानाचे पान आहे. अर्देशर गोदरेज हे मूळचे वकील. झांजिबारला एका खटल्यात मन पटले नाही म्हणून वकिली सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा पहिला धंदा बसला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचून त्यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ मध्ये तिजोरी केली. परदेशी कुलपाशिवाय भागत नाही अशी समजूत असताना एका देशी माणसाने ती मोडली. खेड्यापाड्यांतील देवळांच्या दानपेट्यांवर त्या नावाचे कुलूप दिसते, ते उगाच नव्हे.

आता मुख्य विषयाकडे वळू. एखादी किल्ली हरवली तर काय होते याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे आहे. बाराव्या शतकातील हे मंदिर. त्यात रत्नभांडार म्हणून खजिना आहे आणि त्याच्या दोन खोल्या आहेत, बाहेरची व आतली. सणासुदीला लागणारे दागिने बाहेरच्या खोलीत, आणि क्वचित लागणारे किंवा कधीच न लागणारे आतल्या खोलीत. बाहेरच्या खोलीला तीन किल्ल्या. एक गजपती महाराजांकडे, एक मंदिर प्रशासनाकडे आणि एक भांडार मेकाप या सेवेकऱ्याकडे. तिघे आल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या गडावरच्या तिघा अधिकाऱ्यांची आठवण व्हावी अशीच ही रीत. आतल्या खोलीची किल्ली मात्र सरकारी कोषागारात ठेवावयाची असा नियम.

या भांडाराची सविस्तर मोजदाद १९७८ च्या मे ते जुलै या महिन्यांत झाली. सुमारे ७० दिवस ती चालली. सोन्याचे वजन बारा हजार भरींहून अधिक, चांदीचे बावीस हजार भरींहून अधिक भरले. त्यानंतर १९८५ मध्ये एकदा आतली खोली उघडली गेली. मग दार मिटले ते मिटलेच. ४ एप्रिल २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सोळा जणांचे पथक भिंतींची पाहणी करावयास गेले. आतल्या खोलीच्या दारापाशी पोचल्यावर किल्लीच नाही! प्रखर दिवे लावून लोखंडी जाळीतून आत पाहावे लागले आणि मंडळी परत आली. राज्यभर गहजब झाला. निवृत्त न्यायमूर्ती रघुवीर दाश यांचा चौकशी आयोग नेमला गेला. जूनमध्ये जिल्हाधिकारी कचेरीच्या दप्तरात एक पाकीट सापडले. त्यावर लिहिले होते की, आत रत्नभांडाराच्या आतल्या खोलीच्या दुय्यम किल्ल्या आहेत. लोकांना हायसे वाटावे की अधिकच शंका यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे २०२४ च्या निवडणुकीतही हा विषय गाजला. अखेर १४ जुलै २०२४ रोजी समितीचे सदस्य आत गेले. त्या दुय्यम किल्ल्या लावून पाहिल्या. त्यांनी कुलपे उघडली नाहीत. दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष तीन कुलपे तोडावी लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुलपाने आपले काम चोख केले होते. लोखंड गंजले असेल, पण दार कोणाला सहज उघडू दिले नाही. बिघाड झाला तो कागदाचा. किल्ली कोणी कोणाला दिली, केव्हा दिली, पोच कोणी घेतली, याची अखंड नोंद नव्हती. ज्या दाराची किल्ली कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्या दाराआडच्या ठेवीबद्दल लोक हवे ते बोलू लागतात. देणगी देणाऱ्याच्या मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली की ती कुलूप तोडूनही जात नाही.

विजेच्या कुलपाचे समर्थन नेमके याच ठिकाणी सुरू होते. त्याची हकीकत फार जुनी नाही. १९७० च्या दशकात तोर सोर्नेस या नॉर्वेच्या गृहस्थाने हॉटेलांसाठी भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाचे कुलूप केले. कार्डावर भोकांसाठी ३२ जागा. प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. एवढ्यावरून सुमारे ४२९ कोटी निरनिराळ्या किल्ल्या होतात. पाहुणा गेला की नव्या पाहुण्याला नवे कार्ड, आणि जुने कार्ड आपोआप निरुपयोगी. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, चार्ल्स वॉल्टन या अमेरिकन संशोधकाने रेडिओलहरींवर दार उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट घेतले. आज बँकेत, कचेरीत जे कार्ड नुसते यंत्राजवळ धरतात त्याचे मूळ येथे आहे. कार्डाच्या पोटात तारेचे वेटोळे आणि टिकलीएवढी चिप असते. दाराजवळच्या यंत्रातून लहरी निघतात, त्या लहरींच्याच जोरावर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. यंत्र तो क्रमांक यादीत पाहते. नाव असेल, वेळ योग्य असेल, तर कडी सुटते. नसेल तर दार मुके राहते. दोन्ही प्रसंगी तारीख व वेळ नोंदली जाते.

यातला मोठा फायदा असा. लोखंडी किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागते आणि जितक्यांकडे किल्ली असेल तितक्यांना नवी द्यावी लागते. कार्ड हरवले तर यादीतून एक क्रमांक खोडला की काम झाले. कोणी सेवेतून निवृत्त झाला तर त्याच्याकडे किल्ली परत मागण्याचा अवघड प्रसंगही येत नाही. लंडनच्या टॉवरची गोष्ट पाहा. आपला कोहिनूर जेथे आहे तोच हा किल्ला. तेथे रोज रात्री दहाच्या सुमारास दरवाजे बंद करण्याचा किल्ल्यांचा विधी सुमारे सातशे वर्षे चालू आहे. कंदील घेतलेला रक्षक, पहारेकऱ्याचा सवाल, ठरलेले उत्तर, सारे अगदी शिस्तीत. आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये एक भामटा रात्री आत शिरून पहारेकऱ्यांच्या चौकीतून किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेला! जडजवाहिराच्या किल्ल्या त्यात नव्हत्या, पण एका उचलपूलाची, उपाहारगृहाची व सभाखोल्यांची होती. सगळी संबंधित कुलपे बदलावी लागली.

पण यंत्राची बाजू एवढीच नाही, आणि मुंबईकर मंडळींनी पुढचाही भाग वाचावा. २००८ मध्ये हॉलंडमधील नाइमेखन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभर खपलेल्या एका जातीच्या कार्डाची गुप्त लिपी उलगडून दाखविली. तशा कार्डाची नक्कल करता येते हे सिद्ध झाले. त्या देशाच्या सरकारी कचेऱ्यांची प्रवेशपत्रेही त्याच जातीची होती. मग काय, दारावर पुन्हा माणसे वाढविणे आले. हॉब्सने १८५१ मध्ये जे केले तेच येथे दुसऱ्या हत्याराने झाले. बरे, दार अभेद्य केले म्हणून घर अभेद्य होत नाही. १९७८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनाच्या दारावर धातुशोधक यंत्र होते. मारेकरी तळघराच्या खिडकीतून आत शिरला आणि महापौर मॉस्कोनी व नगरसेवक हार्वे मिल्क यांचा खून केला. पॅरिसचा लूव्हर राजवाडा तर जगप्रसिद्ध संग्रहालय. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी चोरांनी रस्त्यावर शिडीची गाडी लावली, वरच्या मजल्याची खिडकी फोडली आणि काही मिनिटांत राजघराण्याचे दागिने नेले. पुढे वर्तमानपत्रांत आले की, काही वर्षांपूर्वीच्या तपासणीत तेथील कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचा परवलीचा शब्द ‘लूव्हर’ असाच आढळला होता. नावच परवलीचा शब्द! बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत.

आणखी एक मुद्दा जिवाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कुलूप बाहेरच्याला अडविण्यासाठी असते, आतल्याला कोंडण्यासाठी नसते. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली आणि कुलूपबंद व न उघडणाऱ्या दारांपाशी चेंगरून, गुदमरून ६०२ माणसे गेली. त्यानंतर ढकलताच उघडणारा आडवा दांडा दारांना बसू लागला. दिल्लीच्या उपहार चित्रगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जीव गेले, तेथेही बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. विजेच्या कुलपांत यासाठी दोन जाती असतात. एक जात वीज गेली की उघडी होते, दुसरी वीज गेली की बंदच राहते. चुंबकाचे कुलूप पहिल्या जातीचे. वीज असताना ते पाचशे किलोंहून अधिक ओढ सोसते, वीज जाताच सोडून देते. सभामंडपाला यात्रेच्या दिवशी दुसऱ्या जातीचे कुलूप असेल तर तो सापळा होईल, आणि भांडारघराला पहिल्या जातीचे असेल तर तारा खांबावरून तुटताच दार उघडे पडेल. आमच्याकडे आषाढात वीज किती वेळ असते हे सर्वांस ठाऊकच आहे. कुलूप विकणारा हा फरक आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून विचारून घ्यावा.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत दाराची स्वतःची इज्जतही सांभाळावी लागते. दोनशे वर्षांच्या सागवानी दारात यंत्रासाठी चौकोनी खड्डा पाडला की तो परत भरून येत नाही. चौकटीवरची गणेशपट्टी, पितळी फुले, हाताने घडविलेले खिळे आणि कडी-कोयंडा हा कारागिराचा वारसा आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात तर परवानगीशिवाय असे काही करताच येत नाही. आपले देऊळ त्या यादीत नसले तरी रीत तीच पाळणे शहाणपणाचे. युरोपातील जुने चर्च आणि नगरभवने यांनी यावर एक बरा तोडगा काढला आहे. दाराला हात न लावता फक्त कुलपाचा गाभा बदलावयाचा. जुन्या गाभ्याच्याच मापाचा नवा गाभा, त्यात चिप, आणि बॅटरी किल्लीच्या मुठीत. तार ओढावी लागत नाही, लाकूड कोरावे लागत नाही, वीज गेली तरी काही अडत नाही. अर्थात ज्या दाराला मुळात तशा मापाचे कुलूपच नाही, आपल्या गाभाऱ्यासारखा नुसता कोयंडा आहे, तेथे हा उपाय चालणार नाही हेही सांगितले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर गाभाऱ्याच्या दाराला हात लावू नये. तेथे चोरण्यासारखे जे असेल ते रात्री भांडारघरात न्यावे. भांडारघराचे दार मागील दुरुस्तीतले, साध्या लोखंडाचे आहे. त्याला नोंद ठेवणारे कुलूप खुशाल लावावे, मात्र पुरीच्या बाहेरच्या खोलीप्रमाणे एकट्याच्या कार्डाने ते उघडू नये. यादीत नाव घालण्याचा आणि खोडण्याचा अधिकार कोणाकडे, हे विश्वस्तांच्या ठरावात लिहिलेले असावे, कारण तोच अधिकार आता खरी किल्ली आहे. कंपनीचा माणूस गावाला एकदा येऊन गेला आणि परवलीचा शब्द त्याच्याच वहीत राहिला, तर आपण गुरवांच्या कमरेची किल्ली काढून परक्याच्या खिशात घातली असे होईल. बॅटरी बदलल्याची तारीख, दुय्यम किल्ली ज्या पाकिटात आहे त्याचा क्रमांक, आणि ती किल्ली वर्षातून एकदा लावून पाहिल्याची सही, एवढे तीन रकाने साध्या वहीत असले तरी पुरे. पुरीच्या पाकिटातील किल्ल्या कोणी एकदा जरी लावून पाहिल्या असत्या, तर कुलपे तोडण्याची वेळ आली नसती.

विश्वासाची किल्ली कशी असते याचे एक नवल जेरुसलेमला आहे. ख्रिस्ताच्या थडग्यावरचे जे चर्च, त्यात ख्रिस्ती लोकांचे अनेक पंथ नांदतात आणि त्यांचे आपसांत पटत नाही. म्हणून दाराची लोखंडी किल्ली शतकानुशतके जुदेह नावाच्या मुसलमान घराण्याकडे आहे आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह नावाच्या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. दाराच्या झरोक्यातून आतले भिक्षू शिडी बाहेर देतात, तीवर चढून वरचे कुलूप काढावयाचे. एका घराण्याकडे किल्ली, दुसऱ्याकडे उघडण्याचा हक्क, आणि शिडी तिसऱ्याच्या ताब्यात.

आणि आपल्या महाराष्ट्रात नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर आहे. शनिदेवाच्या भरवशावर घराला दार लावावयाचे नाही, कुलूप घालावयाचे नाही, अशी तेथील परंपरा. जानेवारी २०११ मध्ये तेथे यूको बँकेने शाखा काढली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातमी झाली. बँकेला तर नियमाने सुरक्षितता ठेवावीच लागते, पोलिसांनीही हरकत घेतली होती. शेवटी शाखेला काचेचे पारदर्शक दार बसविले गेले, आणि गावकऱ्यांच्या श्रद्धेला धक्का पोचू नये म्हणून त्याला सहज डोळ्यांत न भरणारे, दुरून चालणारे विद्युत-चुंबकाचे कुलूप लावले गेले.